बिराजदार बाईंची साफसफाई

बिराजदार बाई कुणाच्या घरी गेल्या, की पाण्याचा तांब्या समोर यायच्या आत विचारायच्या, "कंप्युटर कुठंय तुमचा?" घरच्यांना वाटायचं, बाईंना काही टाइप करायचं असेल. बाई खुर्चीत बसायच्या, चष्म्याची दोरी सारखी करायच्या आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी जी बारकी बारकी चित्रं असतात त्यांवर बोट ठेवून म्हणायच्या, "एवढे पाव्हणे कुणी बोलावले?" घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची, कारण कुणीच बोलावलेले नसायचे. चहा होईपर्यंत बाईंनी त्यातले निम्मे वाटेला लावलेले असायचे. निघताना त्या घरातल्या माउलीला सांगायच्या, "कंप्युटर आता पळंल. चहात साखर लई झाली." दोन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या.

धाराशिवहून येडशीकडं जाताना रस्त्याला लागून आमची शाळा आहे. मी तिथं मराठी शिकवतो, बाई शिवण शिकवायच्या. शाळेला कंप्युटर मिळाले, तेव्हा त्यांचा जिम्मा कुणी घ्यायचा यावर बैठक बसली. विज्ञानाच्या सरांची कंबर नेमकी त्याच दिवशी धरली. गणिताच्या सरांनी दहावीच्या निकालाचं ओझं सांगितलं. मी डोळ्यांचा नंबर पुढं केला. शेवटी हेडसर बाईंकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला मशीनची सवय आहे." बाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मशीन म्हंजे मशीन. तेल कुठं घालायचं तेवढं सांगा." तेल कुठंच घालायचं नसतं हे कळल्यावर कंप्युटर त्यांच्या मनातून जरा उतरलाच होता.

पण एकदा अंगावर घेतलं की बाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. शिवणयंत्राच्या पेचकसानं त्यांनी एकेक डबा उघडला. आमच्याकडची धूळ काही साधी नाही, ती माणसाच्या जेवणात असते तशी यंत्राच्या पोटातही असते. एका डब्यात तर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. बाईंनी रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं, आणि गणवेशाच्या उरलेल्या कापडातून प्रत्येक कंप्युटरला अभ्रा शिवला, वर काठाला पायपीन लावून. पेनड्राइव्हलासुद्धा खोळी. पांढऱ्या खोळीतला पेनड्राइव्ह तपासलेला, लाल खोळीतला बाहेरून आलेला. लाल खोळीवाल्याला तपासणी झाल्याशिवाय कुठंही शिरकाव नव्हता. बाहेरून आलेल्या माणसांशीही बाई साधारण असंच वागायच्या.

बाईंचं माहेर उमरग्याच्या पलीकडचं, कर्नाटकाला खेटून. त्यामुळं मराठी ऐकेनाशा झालेल्या कंप्युटरला त्या कानडीतून दटावायच्या. "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे. एखादी जाहिरात बंद केली तरी परत परत उगवायला लागली, की "होगु!" म्हणजे चालता हो. ती जात असे. भीतीनं जात असे की बाईंनी त्याच वेळी मागून काही बटण दाबलेलं असे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

साफसफाईची त्यांची सगळी हत्यारं फुकटची होती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पण फुकट आणि चोरीचं यांत त्या जमीन-अस्मानाचं अंतर मानायच्या. गावातला एक दुकानदार महागडी सॉफ्टवेअरं कुलूप तोडून सीडीवर भरून द्यायचा. त्यानं एकदा कौतुकानं तशी एक सीडी बाईंना भेट दिली. बाईंनी ती तिथंच परत केली. म्हणाल्या, "बाबा, चोरीचं लुगडं नेसून लग्नाला जाता येत न्हाय. ज्यानं केलंय त्यानंच फुकट दिलं असंल तर सांग." मग त्या स्वतः शोधायच्या. ज्यानं केलं त्याच्याच पानावर जायच्या, वाचायच्या, आणि तिथली मोठमोठी हिरवी बटणं सोडून कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायच्या. "मोठं बटन खोटं असतंय सर. खऱ्याला वरडायची काय गरज?"

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य 'नेक्स्ट'विषयी होतं. आम्ही मंडळी काहीही बसवताना न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटायचो. बाई म्हणायच्या, "एकेक खूण बघून काढावी. न बघता नेक्स्ट केलं की नवरीसंगट अख्खं वऱ्हाड घरात येतंय, अन् वऱ्हाड परत जात न्हाय."

माझ्या घरी असं वऱ्हाड दोनदा उतरलं. दुसऱ्या वेळी तर पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, की तुमचा कंप्युटर गंभीर आजारी आहे, ताबडतोब इथं दाबा. मी शिक्षक माणूस, सूचनेचं पालन केलं. त्यानंतर कंप्युटर खरोखरच आजारी पडला. बाई आल्या, पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "सर, जो वैद्य स्वतः दारात येऊन तुम्ही आजारी हाव म्हणतोय, त्याच्या हातची पुडी खायची न्हाय. एवढं तर आमच्या म्हशीला बी कळतंय." माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाई, पोहे घेऊनच जा." तिला एवढा आनंद माझ्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की बाईंची कंप्युटरच्या खोलीत साफसफाई चाले. आधी तात्पुरत्या फायली, मग सुरू होताना आपोआप जागे होणारे आगंतुक, मग रिसायकल बिन म्हणजे कचरापेटी रिकामी. सगळ्यात शेवटी डिफ्रॅग. डिस्कवर विखुरलेले तुकडे उचलून एकापाशी एक लावायचे, असं ते काम. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर रंगीत चौकोन दिसत आणि ते हळूहळू सरकून ओळीनं बसत. बाई हात मांडीवर ठेवून ते बघत बसायच्या. इतर बायका मालिका बघतात तशा.

अशा माणसाच्या हाती अधिकार आला की काय होतं, ते आमच्या स्टाफनं सोसलं आहे. एका बैठकीत बाईंनी जाहीर केलं, "शाळंच्या कंप्युटरवर पिक्चर, गाणी, लग्नाचे फोटो दिसले की म्या विचारणार न्हाय. पुसणार." हेडसरांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी हेडसरांच्या मेव्हण्याचं लग्न पुसलं.

या फर्मानाची खरी धास्ती घेतली ती वाघमारे भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब आमचे क्लार्क. शांत, नेटके, कमी बोलणारे. ऑफिसातला कंप्युटर त्यांच्या ताब्यात होता आणि त्याला ते बाईंचा हात लागू देत नसत. "चाललंय की बाई, कशाला तसदी घेता," म्हणून टाळत. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला, की ते ऑफिसचं दार लोटून घेत आणि कानात इअरफोन घालून बसत. आम्ही बाहेर तर्क लढवायचो. गणिताचे सर म्हणत, शेअर बाजार. मी म्हणे, तमाशा. घंटा झाली की भाऊसाहेब दार उघडून बाहेर येत आणि त्यांचा चेहरा पाहिल्यावर दोन्ही तर्क चुकीचे वाटत.

मग एका वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या ऐन गर्दीत तो कंप्युटर बसला. चालू व्हायलाच एवढा वेळ लागे, की हेडसर बटण दाबून परिपाठाला जात आणि परिपाठ उरकून आले तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. एके दिवशी भाऊसाहेब जिल्हा परिषदेच्या कामाला धाराशिवला गेले होते. हेडसरांनी बाईंना बोलावलं. इतकी वर्षं बंद असलेलं दार उघडल्यावर बाईंचा चेहरा काय फुलला! दुपारपर्यंत त्यांनी तो कंप्युटर झाडला, पुसला, आगंतुक हाकलले, गच्च भरलेली कचरापेटी ओतून दिली आणि शेवटी मांडीवर हात ठेवून रंगीत चौकोन बघितले. कंप्युटर असा धावायला लागला, की हेडसरांनी सगळ्यांना चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसचं दार लोटलं गेलं आणि लगेच उघडलं. भाऊसाहेब शिवणाच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी तिथंच होतो, सदऱ्याचं बटण लावून घेत होतो.

"बाई," ते म्हणाले, "त्यातली कचऱ्याची पेटी… तुम्ही काढली का?"

"काढली की. गच्च झाली होती. काय काय भरून ठेवलं होतं हो!"

भाऊसाहेब खाली बाकावर बसले. पोरींच्या बाकावर, गुडघे वर करून. मग थोडं थोडं करून सगळं सांगितलं. त्यांच्या आईनं जात्यावर स्वतः जुळवलेल्या ओव्या होत्या, कुणी शिकवलेल्या नव्हेत, तिच्या स्वतःच्या. भाऊसाहेबांनी त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. पुढं आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मोबाइल आज आहे, उद्या पडंल, म्हणून त्यांनी ते आवाज ऑफिसच्या कंप्युटरवर घातले आणि तो मोबाइल पुढं खरंच गेला. आणि मग बाईंचं फर्मान निघालं.

"पण कचऱ्यात कशाला ठेवलंत?" मी विचारलं.

"आमची आई तिची बोरमाळ राखेच्या डब्यात ठिवायची, सर. म्हणायची, चोर सगळीकडं हात घालंल, राखंत न्हाय घालणार. मला वाटलं, बाई सगळं धुंडाळतील, कचऱ्यात कशाला बघतील?" रोज मधल्या सुट्टीत ते त्या पेटीतून आईचा आवाज बाहेर काढायचे, ऐकायचे आणि घंटा झाली की परत कचऱ्यात टाकायचे.

बाईंनी हातातलं कापड बाजूला टाकलं. मग एकदम उठल्या, ऑफिसात गेल्या आणि कंप्युटरची वायरच भिंतीतून उपटली. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणी म्हंजे कुणी. म्या बी न्हाय."

स्टाफरूममध्ये त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. मडक्यावरची चिठ्ठी तेवढी काढलेली असते, आतलं धान्य तिथंच असतं. पण चिठ्ठी नाही म्हटल्यावर कंप्युटर ते मडकं रिकामं समजतो आणि त्यात दुसरं काही ओततो. मग आधीचं गेलं. "अन् म्या पुसून गप बसले नव्हते," बाई म्हणाल्या. "वरनं ते चौकोन लावत बसले. इकडचं उचलून तिकडं ओतलं. म्याच ओतलं." गेल्या इतक्या वर्षांत बाईंचा आवाज असा खाली आलेला मी ऐकला नव्हता.

त्यांनी पेचकसानं डबा उघडून आतली डिस्क काढली, मऊ कापडात गुंडाळली आणि आपल्या कपाटात ठेवली. कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं हे ठरवायला त्यांनी वेळ घेतला. ते दिवस त्यांना फार जड गेले. एरवी दिसलं की झाडायचं हा ज्यांचा स्वभाव, त्या बाई कपाटाशी जायच्या, किल्ली लावायच्या आणि तशाच परत यायच्या. ऑफिसचं काम कंप्युटरच्या खोलीत हललं. भाऊसाहेब तिथं बसून अर्ज भरत. दोघंही एकमेकांशी फक्त अर्जांविषयी बोलत.

शेवटी एका शनिवारी दुपारी बाईंनी ती डिस्क दुसऱ्या कंप्युटरला जोडली. हरवलेलं शोधणारं सॉफ्टवेअर फुकटचंच होतं. सापडेल ते वेगळ्या डिस्कवर उतरवायचं, या डिस्कवर कणभरही लिहायचं नाही, असं त्यांनी दोनदा वाचून घेतलं होतं. शोध सुरू झाला आणि मग एकेक वर यायला लागलं. शुभ सकाळचे गुलाब. हेडसरांच्या मेव्हण्याचं लग्न, म्हणजे तिथंही एक प्रत होती तर. विज्ञानाच्या सरांनी शोधून ठेवलेल्या कंबरदुखीच्या रजेच्या अर्जाचे नमुने, वेगवेगळ्या तारखांचे. माझी एक कविता, जी मी कुठं तरी पाठवून परत आली होती. सगळ्या शाळेचं पोटातलं ओठावर आलं. आम्ही खुर्च्या मागं सरकवू लागलो. बाईंनी मात्र कशाकडं ढुंकून बघितलं नाही. त्यांना हवे होते फक्त आवाज, आणि त्या फायलींना आता नावं उरली नव्हती. त्या एकेक उघडून, कान लावून बघत होत्या.

आणि एकाएकी खोलीत एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

*पयली माझी ओवी गं, लेकाच्या पाटीला*
*अनवाणी चढला राजा गं, येडशीच्या घाटीला*

भाऊसाहेब उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

बारक्या बारक्या ओव्या बऱ्याचशा धडधाकट मिळाल्या. पण सगळ्यात लांबलचक, जवळपास अख्ख्या दळणाची फाइल होती ती अर्धीच निघाली. मधल्याच एका ओवीत, *ठिगळ लावलं म्या गं*, इथं आवाज घरघरला आणि थांबला. बाईंनी परत लावून बघितलं, दुसऱ्या सॉफ्टवेअरनं काढून बघितलं. दर वेळी ठिगळापाशीच थांबे.

"पुढं काय हाय?" बाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांना आठवेना. "मधली सुट्टी बारकी असती, बाई. रोज सुरवातीपासून लावायचो अन् ह्याच्या आसपासच घंटा व्हायची. म्हणायचो, राहिलेलं निवांत ऐकू. पळून कुठं चाललंय?"

आमच्यासाठी गोष्ट तिथं संपली होती. गणिताच्या सरांनी तर भाऊसाहेबांच्या खांद्यावर हातही ठेवला. बाईंनी मात्र खुर्ची भाऊसाहेबांकडं वळवली. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, जातं एकटीनं कोण ओढतं का? आईच्या समोर कोण बसायचं?"

समोर बसायची ती भाऊसाहेबांची थोरली चुलती, धोंडाबाई. आता ती परांड्याकडं, सोनारीला लेकीजवळ राहायची. पुढच्या रविवारी बाई आणि भाऊसाहेब स्वतः जाऊन तिला घेऊन आले. दुपारी मीही भाऊसाहेबांच्या घरी गेलो. आई खाटेवर उशांना टेकून बसली होती. शरीर वाळलेलं, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा, पण नजर लख्ख. जाऊला बघून तिचे डोळे भरले आणि डाव्या हातानं तिनं तिला ओढून खाटेवर बसवलं. बाईंनी आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो मधे धरला आणि भाऊसाहेबांच्या नव्या मोबाइलवर निघालेली अर्धी फाइल लावली. स्वतःचाच आवाज ऐकून म्हातारी थबकली. ठिगळापाशी आवाज तुटला, आणि धोंडाबाईनं जराही न अडखळता पुढं उचललं.

*ठिगळ लावलं म्या गं, फाडून लुगड्याला*

खाडकन आवाज झाला. आईनं डावा हात खाटेच्या माच्यावर आपटला होता.

"काय झालं? बराबर हाय की!" धोंडाबाई म्हणाली. परत म्हटलं. परत हात आपटला. "मग काय, चोळीला?" हात आपटला, आणि बरोबर एक वैतागलेली नजर. "आगं बया, सगळं आयुष्य तू असंच केलंस, म्या म्हणलं की चुकलंच," धोंडाबाई आता खरंच तणतणली. भाऊसाहेब मधे पडायला गेले, त्यांनाही हात आपटून गप्प केलं. मग धोंडाबाई डोळे मिटून, हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवत हळूच म्हणाली, *फाडून पदराला.*

हात वर झाला नाही. तो धोंडाबाईच्या मांडीवर जाऊन राहिला.

मग पुढच्या ओव्या निघाल्या, एकामागून एक. मधे मधे भांडण, माच्यावर हात, परत पहिल्यापासून. भाऊसाहेब उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते आणि पुसतही नव्हते. बाईंचा मोबाइल धरलेला हात अवघडला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

सोमवारी शाळेत बाईंनी ते रेकॉर्डिंग तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. मराठीचा मास्तर, हात शिवशिवणारच. म्हटलं, "बाई, ओव्या तेवढ्या ठेवून मधली भांडणं, ती आदळआपट काढून टाकू या ना. एखादं फुकटचं सॉफ्टवेअर असेलच की. स्वच्छ होईल."

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"सर, हात लावू नका," त्या म्हणाल्या. "त्यातलं काही काढायचं न्हाय. ओव्या धोंडाबाई म्हणायलीय. म्हातारी बोलायलीय ती त्या आदळआपटीतच."